सहाव्या दगडाचं पत्र

आमचा रेडिओ खरा रेडिओ नव्हता, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी माझ्यावर डोळे वटारायला नको. सत्तरच्या दशकात सोलापुरात कुठलं आलंय रेडिओ केंद्र? बातम्या ऐकायच्या त्या पुण्या-मुंबईच्या. आमच्याकडे होती बागेच्या कोपऱ्यातली एक बारकी खोली, तिच्यात एक अँप्लिफायर, एक मायक्रोफोन आणि भिंतीला भोक पाडून बाहेर काढलेल्या वायरी. त्या वायरींच्या टोकाला चार लाऊडस्पीकर होते. एक बागेतच, एक भाजी मंडईत, एक विणकरांच्या वस्तीतल्या चौकात आणि एक एस.टी. स्टँडवर. संध्याकाळी सातला खऱ्या रेडिओवरच्या बातम्या या चार ठिकाणी ऐकू यायच्या. त्याआधीचा अर्धा तास आमच्या वाचनालयाचा. लोक त्यालाही रेडिओच म्हणत, आणि आम्हीही कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही.

त्या अर्ध्या तासात आम्ही काय काय बोलायचो! कुठल्या पेठेत नळाला किती वेळ पाणी आलं, नगरसेवक सभेत काय म्हणाले आणि गल्लीत येऊन काय म्हणाले, कुणाचं नाटक बसतंय, कुणाचं व्याख्यान आहे, चादरीच्या कारखान्यात बोनसवरून काय चाललंय. मंगळवारी पत्रं. मंगळवारी बाजार भरतो, खेड्यापाड्यांतून आलेली माणसं संध्याकाळी परतीच्या गाडीची वाट बघत स्टँडवर बसलेली असतात, म्हणून सगळ्यात जास्त ऐकला जाणारा वार तो. पत्रं निवडायचं आणि वाचायचं काम माझ्याकडे होतं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, मुलींच्या शाळेत मास्तरीण, लग्न न झालेली आणि तोंडाळ. माझ्या आईच्या मते शेवटचं हे आधीच्याचं कारण होतं.

खोलीत माझ्यासोबत फक्त पालिकेचा वायरमन असायचा. चाळिशीचा माणूस, घरी तेलुगू बोलणारा, माझ्याशी मराठी आणि मशीन बिघडलं की मशीनशी दोन्ही. वाचनालयाच्या ग्रंथपालांना आम्ही सेक्रेटरी म्हणायचो. ते कधीमधी डोकावायचे, घड्याळ बघायचे आणि जायचे.

त्या खोलीतल्या एका गोष्टीची मला पहिल्या दिवसापासून भीती वाटायची. मी मायक्रोफोनमध्ये बोलले की बागेतल्या स्पीकरमधून माझा आवाज लगेच यायचा, पण मंडईतला स्पीकर लांब, तिथला आवाज वाऱ्यावरून यायला क्षणभर उशीर व्हायचा. म्हणजे माझं वाक्य संपलं की तिकडून एक बाई तेच वाक्य पुन्हा म्हणायची. वायरमननं मला समजावून सांगितलं होतं की आवाजाला चालत यायला वेळ लागतो, त्यात भुताटकी काही नाही. मला पटलंही होतं. तरी मी वाक्य संपवून गप्प बसायची आणि तिचं होईपर्यंत थांबायची.

मग आणीबाणी आली आणि पत्रं आटली.

कुणी बंदी घातली नव्हती. लोकच शहाणे झाले. पूर्वी आठवड्याला चाळीस-पन्नास पोस्टकार्डं यायची, त्यातली निम्मी पालिकेवर तोंडसुख घेणारी. आता पाच-सहा यायची आणि ती सगळी, बाग फार सुंदर ठेवली आहे, अशी. सेक्रेटरींनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तक्रारी नकोत, राजकारण नको, घरगुती काहीतरी वाचा. मी म्हटलं, घरगुती पत्रं आली तर वाचीन. ते म्हणाले, येतील की, तुम्ही मनावर घ्या. मी मनावर घेतलं.

मी एक बाई तयार केली. विणकरांच्या वस्तीत भाड्याच्या खोलीत राहणारी, मूळची दक्षिणेकडच्या कुठल्याशा खेड्यातली, विड्या वळून पोट भरणारी. पत्राखाली ती ‘एक ऐकणारी’ एवढंच लिहायची. तिची पत्रं मी रविवारी दुपारी घरी बसून लिहायची आणि मंगळवारी वाचायची. नळावरची भांडणं, शेजारणीचा कोंबडा, रॉकेलच्या रांगेत पुढं घुसणारी सरकारी नोकराची बायको. तक्रार करायला बंदी, म्हणून तिनं एकदा लिहिलं की पाण्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही, पाणी आलं असतं तर तक्रार केली असती. सेक्रेटरी हे ऐकून हसले आणि मग दचकून दाराकडे बघितलं.

लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. शाळेतल्या बायका मला विचारायच्या, तुमची ती विडीवाली या मंगळवारी काय म्हणतेय? आमच्या दूधवाल्यानं तर मला छातीठोकपणे सांगितलं की तो तिला ओळखतो, त्यांच्याच मागच्या चाळीत वरच्या मजल्यावर राहते, उंच आहे आणि नवऱ्याशी पटत नाही. मी म्हटलं, असं होय. आणखी एका बाईनं तिला दवाखान्यात पाहिलं होतं. मला आधी मजा वाटली. मग एका मंगळवारी पत्र वाचताना मी नेहमीसारखी थांबले, आणि मंडईकडून जो आवाज परत आला तो मला माझा वाटला नाही. थोडा खालच्या पट्टीतला, दमलेला. मी वायरमनकडे बघितलं. तो निवांत सुपारी कातरत होता.

त्याला खरं काय ते माहीत होतं, असं मला आता वाटतं. एकदा त्यानं सहज विचारलं होतं, ही बाई पोस्टकार्डावर लिहीत नाही का? मी म्हटलं, पाकीट पाठवते. तो बरं म्हणाला आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

मार्गशीर्ष सरत आला तेव्हा मी तिच्याकडून येळामावस्येचं पत्र लिहून घेतलं. आमच्या भागात त्या अमावस्येला सगळं घर रानात जेवायला जातं. ज्वारीच्या ताटांची कोप, म्हणजे खोपटी करतात, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडतात, त्यांना भज्जीचा, म्हणजे सगळ्या भाज्या-शेंगांच्या मिसळीचा, आणि ताकातल्या आंबिलीचा नैवेद्य दाखवतात आणि मग आंबील रानभर शिंपडतात. हे सगळ्यांना माहीत असलेलं लिहिण्यात काय अर्थ, म्हणून मी तिला एक आठवण दिली. तिच्या वडलांच्या रानात पाचांच्या मागं एक सहावा दगड असायचा. त्याला चुना नाही. मधून चिरलेला, सुतळीनं बांधलेला. वडील आंबील सगळ्यात आधी त्याच्यावर शिंपडायचे. हा कुणाचा, म्हणून विचारलं तर म्हणायचे, जे आलं नाही त्याचा.

हे वाचून झालं आणि बागेत बसलेली माणसं काही वेळ उठलीच नाहीत. पुराण सांगणारे एक निवृत्त मास्तर मुद्दाम खोलीपाशी आले आणि म्हणाले, सहावा म्हणजे कर्ण, काय सूक्ष्म कल्पना आहे त्या अडाणी बाईची! मी त्या बाईच्या वतीनं मान खाली घातली. घरी जाताना मी स्वतःवरच इतकी खूश होते की रस्त्यात एकटीच हसत होते.

पुढच्या मंगळवारी साडेपाचलाच खोलीच्या पायरीवर एक म्हातारा बसलेला होता. साठीच्या पुढचा, कपाळावर भस्माचे पट्टे, डोक्याला मळकं मुंडासं, पुढ्यात रिकामं पोतं. हरभऱ्याचा पाला विकायला तो बाजारात आला होता. अक्कलकोटच्या बाजूचं गाव त्याचं, मराठी बोलायचा पण मधूनच कानडीत घसरायचा. मी आत जायला लागले तसा तो उठला आणि हात जोडले. त्याला ते पत्र बघायचं होतं.

मी विचारलं, वाचता येतं का? तो म्हणाला, नाही, पण पत्रावर पोस्टाचा शिक्का असतो. शिक्का कुठल्या पोस्टाचा ते कुणीतरी सांगेल, म्हणजे पोरगी कुठल्या पेठेत आहे ते कळेल.

 मी म्हटलं, पत्र आत्ता इथं नाही, वाचनालयाच्या कपाटात आहे, पुढच्या मंगळवारी या. त्यानं मान हलवली आणि जायच्या आधी थोडं सांगितलं. थोडंच सांगितलं, पण मला पुरून उरलं.

मुलगी एकुलती एक. तिच्या जन्माच्या वेळीच आई गेली. लग्न करून दिलं तर दोनदा मार खाऊन माहेरी आली. पहिल्यांदा त्यानं समजूत घालून पाठवली. दुसऱ्यांदा तिनं पाय धरले. त्यानं ऐकलं नाही. भावकी काय म्हणेल, नांदायची पोर घरात ठेवली तर तोंड कसं दाखवायचं, या विचारानं तो तिला स्वतः सोलापूरच्या स्टँडवर घेऊन आला, सासरच्या गावाच्या गाडीत बसवलं, तिकीट तिच्या हातात दिलं. गाडी हलली तेव्हा तिनं खिडकीतून वळून बघितलं नाही. ती सासरी पोचलीच नाही. याला तीन वर्षं झाली होती. विहिरी बघून झाल्या, चौकीवर सांगून झालं, देवाला कौल लावून झाला. आता तो दर मंगळवारी बाजार उरकून स्टँडवर त्याच जागी जाऊन बसायचा, जिथून ती गाडी सुटली होती. त्या जागेच्या बरोबर वर आमचा स्पीकर होता.

मी तो आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. एकदा वाटलं, खरंच पत्र लिहावं, पोस्टात टाकावं, शिक्का मिळेल. हा विचार मी दोन दिवस केला हे सांगायला मला लाज वाटते. मग शिक्का माझ्याच पेठेतल्या पोस्टाचा येणार आणि हा माणूस त्या पेठेत दारं ठोठावत फिरणार, हे डोळ्यांपुढं आलं आणि मी कागद फाडून टाकला.

मंगळवारी तो आला तेव्हा मी त्याला खोलीत बसवलं. वायरमन उठून बाहेर जायला लागला, मी त्याला थांब म्हटलं. एकटीनं सांगायची माझी हिंमत नव्हती. मी सांगितलं की असं पत्र आलेलंच नाही. अशी बाईच नाही. लोकांनी पत्रं लिहायची बंद केली, म्हणून मीच लिहीत होते. दगडाचंही मलाच सुचलं. माझं चुकलं.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

“पत्र न्हाय तर न्हाय,” तो म्हणाला. “पर ह्ये तुमाला सांगितलं कुनी?”

मी म्हटलं, कुणी नाही, मीच रचलं.

“बाई, तुमी शिकल्यासवरल्या. लई काय काय सुचत असंल तुमाला. पर माज्या रानातला दगुड तुमाला कसा सुचंल?”

मग त्यानं सांगितलं. तो दगड त्यानं मुलीच्या आईसाठी मांडला होता, ती गेली त्या वर्षापासून. नांगराचा फाळ लागून चिरला म्हणून सुतळी बांधली. भावांच्या रानात असं काही करत नाहीत. त्यांना वेडेपणा वाटेल म्हणून तो कोपीच्या मागं ठेवायचा, पाहुण्यांच्या नजरेला पडू नये असा. त्याला आणि मुलीलाच तो माहीत होता. तिनं सासरी सांगितलं नसणार, तिथं तिचं ऐकून घेणारं कुणी नव्हतं. म्हणजे तिनं तो मला सांगितला होता.

एखादी गोष्ट आपल्याला सुचली की आठवली, यातला फरक मला तोपर्यंत कळतो असं मी समजत होते. त्या दिवसापासून कळेनासा झाला. दिवसभर माझ्या कानावर बायका पडायच्या. रेशनच्या रांगेत, शाळेच्या फाटकात, दवाखान्याच्या बाकावर, विडी कारखान्याच्या व्हरांड्यात, जिथं मी आमच्या कार्यक्रमासाठी दोन-तीनदा गेले होते. त्या बोलायच्या आणि मी ऐकायची. नाव विचारलं की माणूस बोलायचा थांबतो हा माझा मोठा शोध होता, म्हणून मी नाव कधी विचारत नसे. चेहऱ्याकडेही फार बघत नसे. वाक्य चांगलं असलं की घरी नेऊन वहीत टिपायची. मी त्या रात्री सगळ्या वह्या पालथ्या घातल्या. दगड कुठंच नव्हता. म्हणजे कुणीतरी मला आयुष्यातली सगळ्यात जपलेली गोष्ट सांगितली होती, आणि मला ती टिपून ठेवण्याइतकीही मोलाची वाटली नव्हती. नुसती आत पडून राहिली होती, माझीच होऊन.

म्हाताऱ्यानं मला तिच्याबद्दल विचारलं. उंचीनं कशी होती? वाळली होती का? कडेवर पोर होतं का? डाव्या भुवईवर व्रण होता का? ‘बरी होती, बाबा, हसत होती,’ एवढं म्हणून टाकावं, असं शंभरदा माझ्या ओठांवर आलं. मी म्हटलं नाही. त्या सगळ्या प्रकरणात मी केलेली खरी गोष्ट ती एवढीच, आणि तीही त्याच्या काही उपयोगाची नव्हती. मला आठवत नाही, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, आठवंल. सावकाशीनं आठवा.

मी आठवायचा प्रयत्न करत राहिले. रांगेतली एक बाई दिसायची, तिच्या भुवईवर व्रण दिसायचा, आणि लगेच कळायचं की हा व्रण मला म्हाताऱ्यानं दिलाय. दवाखान्यातली दिसायची, ती वाळलेली असायची, कारण त्यानं वाळली होती का विचारलं होतं. माझ्या डोक्यानं बायका तयार करायचा धंदा शिकून घेतला होता, आता तो थांबेना. वर्गात मुलींना पाढे म्हणायला लावून मी खिडकीबाहेर बघत राहायची. आई म्हणाली, हिला काहीतरी बाधलंय. तिचं फारसं चुकलं नव्हतं.

तिसऱ्या मंगळवारी म्हाताऱ्यानं एकच मागणं केलं. जिनं मला सांगितलं ती ऐकत असेल, तर तिला त्याचा निरोप द्यावा. सेक्रेटरींना मी विचारलं. ते म्हणाले, हरवलेल्यांचं काम पोलिसांचं, आणि नांदत्या मुलींना माहेरी या म्हणून स्पीकरवरून सांगणं म्हणजे घरं मोडणं आहे, भलतंच काय. ते बोलले त्यात वाईट हेतू नव्हता. त्यांना स्वतःला तीन मुली होत्या, तिघीही दिलेल्या.

मी त्यांना बरं म्हटलं. मग मायक्रोफोनपुढं बसले, हातातला कागद खाली ठेवला आणि न लिहिलेलं बोलले. “येळामावस्येला जिच्या रानात चिरलेला, बिनचुन्याचा सहावा दगड असायचा, तिला वडलांचा निरोप आहे. घरी ये. कुणी काही म्हणू दे. परत पाठवणार नाही.”

वाक्य संपवून मी थांबले. मंडईकडून ती बाई म्हणाली, परत पाठवणार नाही. वायरमननं बटण बंद केलं आणि तोंड फिरवून उभा राहिला. म्हातारा त्या वेळी स्टँडवर त्याच्या जागी, स्पीकरखाली होता. निरोप त्यानंही ऐकला.

माझ्याकडून मंगळवार काढून घेण्यात आला. पत्रांऐवजी आता भाजीचे भाव आणि लसटोचणीच्या तारखा वाचायला एक कारकून यायचा. तरी मी शाळा सुटली की बागेत जाऊन खोलीबाहेरच्या बाकावर बसायची. म्हाताऱ्याला तसं सांगितलं होतं. ती आली तर कुणीतरी असायला हवं.

ती आली नाही. बायका आल्या.

पहिली त्याच आठवड्यात आली, भाजीची पाटी काखेत घेऊन. तिनं विचारलं, तो निरोप कुठल्या गावच्या माणसाचा होता? मी गाव सांगितलं. तिनं, मग आमचा न्हाय, असं म्हणून पाटी डोक्यावर घेतली आणि गेली. दुसरी एका शाळकरी मुलीला घेऊन आली होती. तिसरी मुसलमान होती. तिच्या माहेरी रान नव्हतं, अमावस्या नव्हती, दगड कुठला असणार? ती दखनीत म्हणाली, मालूम है अपना नहीं, बस पूछने आई. दोन महिन्यांत अशा सात-आठ जणी येऊन गेल्या. त्यांच्या रानात सहावा दगड नव्हता हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी बाजारात आल्यासारखं दाखवून, पदर डोक्यावर नीट घेऊन, त्या बागेत यायच्या आणि विचारायच्या की तो बाप कुणाचा? मी गाव सांगायची आणि प्रत्येकीचा चेहरा बघायची. आता बघायला शिकले होते. मला कुणी कधी परत पाठवलं नव्हतं, मी मुळात गेलेच नव्हते. त्यांच्यापुढं उभं राहताना मला हे फार मोठं सुख वाटायचं आणि त्या सुखाची शरम वाटायची.

शेवटची आली ती उन्हाळा लागता लागता. तिशीची असेल. हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके, उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट वाकडं, हिरवं नेसूचं, अंगठ्याशी तुटलेली चप्पल तारेनं जोडलेली. तिनंही गाव विचारलं. मी सांगितलं. ती गेली नाही. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि चपलेची तार नीट करत राहिली.

“त्येंची पोरगी आली का?” तिनं विचारलं.

मी नाही म्हटलं.

“मग त्येंना इचारा की,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “दुसरी कुनी आली तर चालंल का?”

 मी विचारलं, तुमचं नाव काय, कुठं राहता? ती म्हणाली, नाव कशाला, अजून ठरलं कुटं हाय? पुढच्या मंगळवारी ती उत्तराला येणार होती. मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. मागं धावून तिच्या घराचा पत्ता काढावा असं वाटलं, पण ती बिथरेल म्हणून फाटकातूनच परत फिरले.

म्हातारा बाजारातून आला तेव्हा मी त्याला जसंच्या तसं सांगितलं. त्यानं पाठ फिरवली. मला वाटलं, रागावला. मग त्यानं विचारलं की ती जेवली-खाल्लेली वाटत होती का. मी म्हटलं, नाही वाटली. त्यानं पोतं झटकलं, घडी घातली, पुन्हा उलगडली.

“चालंल म्हनावं,” तो म्हणाला. “जागा हाय. कुनी इचारलं तर भैनीची हाय म्हनून सांगतो.”

पुढच्या मंगळवारी तो दुपारीच आला. धुतलेलं धोतर, दाढी केलेली, भाकरी-ठेच्याचं गाठोडं बरोबर. वायरमननं त्याला खोलीतली खुर्ची बाहेर आणून दिली. भाजीचे भाव सांगून झाले, सातच्या बातम्या झाल्या, बागेतली पोरं घरी गेली. ती आली नाही. म्हाताऱ्यानं गाठोडं सोडलं नाही. तो म्हणाला, चप्पल तुटलेली होती म्हणालात न्हवं, उशीर होत असंल.

त्याच्या पुढच्याही मंगळवारी आली नाही. तिचं मन बदललं, की तिला कुणी अडवलं, की बागेच्या फाटकापर्यंत येऊन आम्हा तिघांना बघून ती परत फिरली, मला आजपर्यंत कळलेलं नाही. मग म्हाताऱ्यानं मला तिची खूण विचारली. पहिलीची मी सांगू शकले नव्हते. हिची सगळी सांगितली, हनुवटीवरचे ठिपके, वाकडं बोट, चपलेची तार, सगळं. या वेळी मी नीट बघितलं होतं याचा मला अभिमानसुद्धा वाटला. त्यानं एकेक गोष्ट माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतली.

पावसाळ्याच्या तोंडाला एका मंगळवारी वायरमन बाजारातून बागेत आला आणि माझ्याजवळ येऊन उभा राहिला. म्हातारा कासारणींच्या रांगेत फिरतोय, म्हणाला. प्रत्येकीपुढं बसून खुणा सांगतोय आणि अशी बाई बांगड्या भरायला आली होती का, म्हणून विचारतोय. मी म्हटलं, मग त्यात काय, तो तीन वर्षं तेच करतोय.

“नाही बाई,” वायरमन म्हणाला. “आता दोघींच्या खुणा सांगतोय.”

एक मुलगी हरवलेला माणूस माझ्या दारात आला होता. मी त्याला दुसरीही हरवून दिली.